हातावरची फुली

"हा माझा हात आहे," आई म्हणाली. तिने ते इतकं सहज म्हटलं, की टेबलापलीकडे कागदाला घडी घालायची पट्टी पुसत बसलेल्या लेकीला आधी वाटलं, ती चहाच्या कपाबद्दलच काहीतरी बोलतेय. मग तिने मान वर केली. टेबलावर काल संध्याकाळी छापखान्यातून आणलेला मोठा कागद पसरला होता. आठ चौकोन, नुसत्या काळ्या शाईत छापलेले. लाल रंग कुठे कुठे येणार ते कळावं म्हणून त्यावर ट्रेसिंगचा पातळ कागद डकवलेला होता, आणि आईची तर्जनी पाचव्या चौकोनावर टेकली होती. तर्जनी म्हणजे जेवढी उरली होती तेवढी. वरचं पेर नसलेलं, टोकाशी गुळगुळीत, बिननखाचं ते बोट चित्रातल्या बोटाला लागून होतं, आणि चित्रातलं बोटही तेवढंच होतं. चित्र साधं होतं. एका हाताने धरलेली बाळाची दुधाची बाटली आणि वरून तिच्यात पडणारी वाफाळत्या दुधाची धार. ट्रेसिंगवर त्या हाताच्या मनगटापासून बोटांपर्यंत लाल रंगाची भली मोठी फुली होती. "तुझा कसा असेल गं? तो कुणाचाच नाहीये," लेक म्हणाली. आई कागदाकडे बघतच म्हणाली, "असं बोट दुसऱ्या कुणाचं पाहिलंयस का, रेघी?" आणि मग बोट उचलून, "फुली मारलीस ते बरोबरच असेल. आम्हाला तेव्हा काय कळत होतं?" अर्धा कप चहा तिने तसाच मोरीत ओतला आणि कप घासायला घेतला.

रेघी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. भिंत दिसली की रेघ ओढायची म्हणून आईने ठेवलेलं नाव. पुढे भिंती सुटल्या, कागद आले, रेघांवरच पोट भरायला लागलं, तरी घरात ती रेघीच राहिली. वीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांना चेहरे देणारी बाई, अनोळखी माणसाच्या हातावरून त्याचा धंदा सांगणारी, आणि तिला स्वतःच्या घरातला हात ओळखू येऊ नये! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा. तीन आठवडे ते चित्र तिच्या टेबलावर होतं. ते तिने मोठं केलं, लहान केलं, बाटलीची सावली गडद केली. मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई, ज्यांनी हे काम तिला दिलं होतं, चित्र बघून म्हणाल्या होत्या, "किती खरा हात आहे हो!" बोट आखूड दिसतंय ते बाटलीमागे वळलंय असं त्या समजल्या. बाटलीची मान जराशी डावीकडे कललेली होती, ती चित्रकाराची लकब असं समजल्या. रेघीही तसंच समजली होती, आणि आता मोरीतून येणारा पाण्याचा आवाज ऐकत तिला जाणवलं की आपली लकब वगैरे काही नसते. हाताला जे पाठ असतं ते तो लिहितो, आणि सही आपण ठोकतो.

डॉक्टरबाईंना हवी होती एक झीन. म्हणजे काय ते त्यांनाच नीट सांगता येईना, तेव्हा रेघीने समोरच्या औषधाच्या पावतीचा कागद घेतला, घड्या घालून आठ भाग पाडले, मधोमध एक चीर दिली, दुमडला, आणि डॉक्टरबाईंच्या तळहातावर आठ पानांचं चिमुकलं पुस्तक ठेवलं. शिवण नाही, टाचण नाही, गोंद नाही. "हेच!" त्या म्हणाल्या. दवाखान्यात लस टोचायला येणाऱ्या प्रत्येक आईबापाच्या हातात एक द्यायची. विषय मायक्रोप्लास्टिक, प्लास्टिकचा डोळ्यांना न दिसणारा चुरा, जो पाण्यात आहे, हवेत आहे, माणसाच्या रक्तात आणि गर्भाच्या वारेतसुद्धा सापडला आहे. त्याने नेमकं काय काय होतं ते अजून शोधलं जातंय, एवढं खरं लिहायचं, बागुलबुवा उभा करायचा नाही. पण गरम पदार्थ प्लास्टिकमध्ये ओतला की चुरा जास्त सुटतो हे ठणकावून सांगायचं. "पान पाच म्हणजे आपला हुकमाचा एक्का," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "बाकी सगळं विसरले तरी हे पान विसरायला नको." विषय आपल्या घरात इतका जुना आहे हे रेघीला तेव्हा सुचलंही नव्हतं. तिने घरी येऊन आईला सांगितलं, "छोटं पुस्तक करतेय, प्लास्टिकवर." आई म्हणाली, "अरे वा, म्हणजे आपल्या धंद्यातलंच की!"

धंदा खरोखरच त्यांचा होता. आईने एकतीस वर्षं प्लास्टिकच्या वस्तूंच्या कारखान्यात काढली. सुरुवातीला साच्याच्या यंत्रावर. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी एका दुपारी साचा मिटला आणि तिचं बोट वेळेत निघालं नाही. मग तिला तासायच्या टेबलावर बसवलं. साच्यातून बाहेर पडलेल्या बादलीला, मगाला, बाटलीला शिवणीवर एक पातळ फाजील कड असते. ती वाकड्या पात्याने तासून टाकायची, दिवसाला शेकड्यांनी. रेघी जन्मली तेव्हा वडील दूरच्या कामावर होते, महिन्याकाठी यायचे, आणि पुढे तेही यायचे थांबले. ती पाच महिन्यांची असताना आई पुन्हा टेबलावर रुजू झाली. पहाटे दूध उकळायचं, बाटलीत भरायचं, एक थेंब त्या आखूड बोटावर टाकून बघायचा, कारण तिथली कातडी इतकी नाजूक होती की आईच्या भाषेत त्या बोटाला खोटं बोलता येत नसे, आणि मग बाटली फडक्यात गुंडाळून, पोरीसकट, शेजारच्या काकूंच्या हवाली करायची. संध्याकाळी आई यायची ती रंगीत होऊन. केसांत, बाह्यांच्या दुमडीत, खिशात, कानाच्या पाळीमागे सुद्धा प्लास्टिकच्या तासलेल्या भुरभुरीत कुरळ्या सालपटी असायच्या. एखाद्या दिवशी निळ्या, एखाद्या दिवशी तांबड्या. बादल्यांचा हंगाम असला की आठवडाभर नुसता हिरवा. रेघी दारातच तिच्या मांडीवर चढून त्या वेचायची. घरात रंगपेटी नव्हती, ती पुढे सातवीत आली; तोवर तिने जुन्या वर्तमानपत्रावर खळ लावून त्याच सालपटींची चित्रं केली. झाड हिरव्याचं, नदी निळ्याची, आई तांबड्याची. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तिला आज लोकांना सावध करायचं होतं, त्याच चुऱ्याने तिला रंग शिकवला होता. त्याच्याच पगारावर शाळा झाली, चष्मा झाला, चित्रकलेच्या कॉलेजचे वह्या-कागद झाले. टेबलाशी बसल्या बसल्या तिच्या मनात आलं, आपल्या रक्तात आत्ता कुठला रंग फिरत असेल? निळा की बादल्यांचा हिरवा? तिच्या अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी तिला आईच्या केसांचा तो संध्याकाळचा वास आठवून इतकं बरं वाटलं, की काट्याला उभं राहावं की बसावं ते कळेना.

स्वयंपाकघरातून आवाज यायला लागले. आईचा राग तोंडाने कधी बाहेर पडत नसे, तो भांड्यांकडून बोलून घ्यायची तिची पद्धत होती. पण आजचा आवाज भांड्यांचा नव्हता, पोकळ, हलका, गडगडत जाणारा होता. रेघी दारात जाऊन उभी राहिली. आई स्टुलावर चढून फळ्यांवरचे प्लास्टिकचे डबे खाली काढत होती. त्या घरात एवढे डबे होते की झाकणांची आणि डब्यांची कधी गाठ पडत नसे. आईचं म्हणणं, झाकणं म्हणजे पाहुणे, लागतात तेव्हा येत नाहीत. धुऊन वाळवलेल्या पिशव्यांची चवड, तिच्यात घड्या घातलेल्या आणखी पिशव्या, साखरेच्या बरण्या, कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेला पिवळा मग, सगळं जमिनीवर ओळीने मांडलेलं. "हे काय चालवलंयस?" "टाकून देते. तुझ्या पुस्तकात लिहिलंयस ना." "आई, तसं नाही लिहिलेलं. कोरडं धान्य ठेवायला काही हरकत नाही. गरम घालू नका, एवढंच." आईने एका डब्याचं झाकण लावलं, ते बसलं नाही, दुसरं लावलं, तेही बसलं नाही. "तुला लहानपणी खोकला फार व्हायचा," ती त्या डब्यालाच सांगितल्यासारखं म्हणाली. "काकू म्हणायच्या, पोर अशक्त आहे. मी प्लास्टिकच्या बाटलीतच दूध द्यायची. चांगलं कढत भरायची, काकू पाजीस्तोवर गार होऊ नये म्हणून." खोकला होता, तो गेलाही होता, पंचेचाळिशीला ती ठणठणीत होती, पण हे सगळं सांगणं म्हणजे वकिली झाली असती, आणि आईने आरोपच मान्य केला होता. ज्या हाताला जन्मभर पुरतील एवढे आभार द्यायचे राहिले होते, त्या हाताला तिने फुली दिली होती, आणि उद्या सकाळी आठला ती सहाशे प्रतींवर छापली जाणार होती.

तिने डॉक्टरबाईंना फोन लावला. काळी छपाई झालेली होती, हात आता पुसता येत नव्हता. पण लाल रंग वेगळा छापायचा होता, त्याची प्लेट अजून व्हायची होती. "फुली काढते," ती म्हणाली आणि का ते सांगितलं. पलीकडे डॉक्टरबाईंनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या आईने मला तसंच पाजलं. आणि खरं सांगू का, मी माझ्या मुलालाही. डॉक्टर असून. तेव्हा हे कोण बोलत होतं?" रेघीला वाटलं, सुटले. पण बाई तशा पक्क्या. "तरीसुद्धा फुली नुसती काढून नाही चालणार हो. मग तर ते बाटलीत कढत दूध ओता असं सांगणारं चित्र होईल. तुमच्या आईंचं मन मोडू नका, पण माझ्या दारात उद्या जी पोरगी सहा आठवड्यांचं मूल घेऊन बसेल, तिच्यापासून लपवूही नका. दोन्ही करा. कसं ते तुम्हाला माहीत, चित्रकार तुम्ही." छापखान्याच्या शाईकाकांचं उत्तर त्याहून आखूड होतं. "साडेसातला ट्रेसिंग हातात हवा, त्यावरून प्लेट करतो. आठला रोलर फिरला की मग देवाचंही ऐकत नाही मी."

दुपार उलटून उन्हं खिडकीतून टेबलावर आली तरी ट्रेसिंग कोराच होता. तिने फुलीच्या जागी लाल वर्तुळ काढून पाहिलं, ते बक्षीस दिल्यासारखं दिसलं. प्रश्नचिन्ह काढून पाहिलं, ते तर खवचटच वाटलं. हातावर लाल छटा दिली तर हात भाजल्यासारखा झाला. कागदामागून कागद चुरगळून खाली पडत होते आणि प्रत्येक कागदाखालून ते आखूड बोट तसंच, बाटलीच्या मानेशी, जपून टेकलेलं, वर येत होतं. किती वर्षांपूर्वी पाहिलेलं असेल हे? पाच महिन्यांच्या मुलाला काही आठवत नाही म्हणतात. दोन वर्षांच्या? बाटली तिने बरीच मोठी होईपर्यंत सोडली नव्हती, असं काकू चिडवायच्या. तिला दिसत होतं ते असं: आपण आडव्या आहोत, वर छत आहे, छत आणि आपल्यामध्ये तो हात आहे, आणि तो हात आला म्हणजे आता सगळं ठीक होणार आहे. त्यापुढे काही नाही. आणि कुठेतरी लाल. लाल काय होतं ते तिला आठवेना, पण लाल होतं, हाताच्या अगदी जवळ.

आई मागे येऊन उभी राहिली होती. "मग काय करायला हवं होतं मी?" तिने विचारलं. रागाने नाही, नवीन यंत्र कसं चालवायचं ते विचारावं, तसं. रेघी म्हणाली, "दूध भांड्यातच कोमट होऊ द्यायचं. मग बाटलीत ओतायचं. नाहीतर काचेची बाटली." "एवढंच?" "एवढंच." "मग एवढंच सांग ना बाई त्या पोरींना! फुली कशाला मारतेस?" आई स्टूल ओढून बसली. "आमचा मुकादम होता ना, तो मारायचा फुल्या. वाकडं निघालं, भोक पडलं, की तापवलेल्या खिळ्याने फुली कोरायचा आणि वर लाल रंग फासायचा, चांगल्या मालात मिसळू नये म्हणून. बाद माल. तो माल निदान वितळवून परत साच्यात घालता यायचा. माणसाला कुठे घालणार?" ती हसली, सकाळपासून पहिल्यांदा. "थांब, तुला गंमत दाखवते. डबे काढले म्हणून सापडली." ती आत गेली आणि हातात काहीतरी खुळखुळत घेऊन आली. दुधाची बाटली होती. पिवळी पडलेली, आत शर्टांची बटणं भरलेली, मान डावीकडे कललेली. "मान वाकडी म्हणून बाद केलेली. मुकादमाला म्हटलं, माझ्या पोरीला मान वाकडी चालते, ती पण झोपेत तशीच करते. तर म्हणाला, घेऊन जा." "अजून ठेवलीस?" "तूच लिहिलंयस ना, शेकडो वर्षं टिकतं म्हणून. मग माझीच बाटली काय म्हणून टिकू नये?" रेघीने बाटली हातात घेऊन फिरवली. पोटावर, बोटभर उंचीची, खिळ्याने कोरलेली एक फुली होती. रंग उडून गेला होता, पण खाचेत अजून लाल शिल्लक होता.

तेव्हा तिला रडू आलं, आणि ती लपवायच्या भानगडीत पडली नाही. सगळं बरोबर आठवलं होतं हाताला. बोट बरोबर, वाकडी मान बरोबर, लालही बरोबर. चुकली होती ती फक्त जागा. फुली बाटलीवर होती. हातावर ती कधीच नव्हती. आई गोंधळून म्हणाली, "अगं, एवढं काय त्यात, बटणं दुसऱ्या डब्यात घालेन," आणि रेघी रडता रडता हसली, आणि आईचा तो हात घेऊन तिने आपल्या ओल्या गालावर धरला. "आई, तू ती बाटली आणली नसतीस तर मी कशावर वाढले असते गं? तुझे आभार कधी मानलेच नाहीत मी." "चल, काहीतरीच," आई म्हणाली, पण हात काढून घेतला नाही. त्या आखूड बोटाला कळलं असणार गाल किती गरम आहे ते.

बाकीचं काम तासाभराचं होतं. नव्या ट्रेसिंगवर तिने छोटीशी फुली काढली, चित्रातल्या बाटलीच्या पोटावर, खऱ्या बाटलीवर होती तेवढी आणि तशीच वेडीवाकडी. वाफेवरून एक लाल बाण शेजारच्या मोकळ्या कोपऱ्यात नेला. तिथे एक भांडं आणि त्याखाली लिहिलं, 'इथे कोमट होऊ द्या. मग ओता.' हातावर लाल काहीच नाही. पानाच्या तळाशी एक ओळ बसत होती. ती तिने आईला वाचून दाखवली, फोनवर डॉक्टरबाईंनाही: 'ज्या हातांनी आपल्याला पाजलं, त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या हातांचे आभार मानून, आता आपण बदलूया.' डॉक्टरबाई म्हणाल्या, "माझ्या आईला पहिली प्रत देते." आई म्हणाली, "'बदलूया' नंतर टिंब मोठं दे, लोकांना लांबून दिसत नाही." टिंब मोठं दिलं.

सकाळी आई हट्टाने बरोबर आली. सहाशे कागदांना मधोमध चीर द्यायची होती, आणि शाईकाकांचं कापायचं यंत्र कागद अख्खा कापतं, मधेच थांबत नाही. ते काम हातानेच. आईने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं वाकडं पातं काढलं, जे निवृत्तीच्या दिवशी परत करायचं ती साफ विसरली होती, आणि छापखान्याच्या लांब टेबलाशी बसली. काही सांगावं लागलं नाही. लाल रंग चढून आलेला पहिला गठ्ठा समोर ठेवल्यावर तिचं आखूड बोट कागदाच्या घडीवर टेकलं, पातं त्याच्यापाशी उतरलं, सरकलं आणि जिथे थांबायला हवं तिथेच थांबलं. एक. परत एक. शाईकाका रोलर बंद करून बघत उभे राहिले. "चाळीस वर्षं या धंद्यात आहे," ते म्हणाले, "असा हात बघितला नाही." आई मान वर न करता म्हणाली, "बघितलाय की. सहाशे वेळा छापलात." रेघी शेजारी बसून घड्या घालत होती, आणि आई-लेकींच्या मध्ये चिमुकल्या पुस्तकांची चवड वाढत होती. वर्षानुवर्षं आई अशा टेबलाशी बसली असणार, अशीच मान घालून, आणि आपण ते टेबल आज पहिल्यांदा बघतोय, या विचाराने तिला लाज वाटली नाही. बसायला मिळालं, याचंच बरं वाटलं.

शेवटच्या गठ्ठ्याची शाई जरा ओली होती. आईने सवयीने, दुधाचा अंदाज घ्यावा तसं, आपलं बोट वरच्या कागदावरच्या लाल फुलीवर टेकवून पाहिलं आणि कागद सरळ करायला ते शेजारी ठेवलं. उचललं तेव्हा पाचव्या पानावरच्या हातावर एक लाल, बिननखाचा, गोल ठसा उमटला होता. आई दचकली. पात्यासकट हात मागे घेतला. "बाद झाला का गं हा?" तिने विचारलं. रेघीने तो कागद तिच्यासमोरून ओढून घेतला, चीर दिली, ठसा पुसणार नाही अशा बेताने घडी घातली. "झाला," ती म्हणाली. "हा मी घरी नेणार."